दुरपताबाईंचा दुभाषी

“धिस... राईस,” ड्रायव्हर म्हणाला.

मागे बसलेल्या पाच गोऱ्या बायकांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि एका सुरात “ओऽऽ” केलं.

“दॅट... ऑल्सो राईस.”

पुन्हा “ओऽऽ”.

डिसेंबर होता. धान कापून झालं होतं, बांध्यांमध्ये पेंढ्यांचे उंच पुंजणे रचलेले होते, आणि गोंदियापासून दवनीवाड्यापर्यंत दाखवण्यासारखं दुसरं खरोखरच काही नव्हतं. एका बाईने धानाचं तणस चघळणाऱ्या म्हशीकडे बोट केलं. ड्रायव्हरने बराच विचार केला.

“ईटिंग राईस,” तो म्हणाला.

मी हसले. ओढणीत तोंड घालून हसले, पण गिअरच्या बाजूच्या सीटवर बसून काही लपत नाही. दहाच मिनिटांपूर्वी मी रस्त्यावर हात दाखवून ही काळीपिवळी थांबवली होती. “भाऊ, दवनीवाडा?” म्हटलं, तर तो म्हणाला, “बसा. पुढंच बसा. मागं फॉरेन आहे.”

“हसल्या काऊन?” त्याने आता विचारलं.

“नाही जी. खोकला.”

“इंग्रजी समजते तुम्हाले?”

“बी.ए.ला घेतलं होतं. तुम्हाले?”

त्याने आरशातून मागे पाहिलं. मग आवाज एकदम खाली आणला. “अजिबात नाई.”

झालं होतं असं. या बायका न्यूझीलंडच्या एका चर्चमधून आल्या होत्या. दहा दिवस गावातल्या बायकांना शिवणकाम शिकवायचं, त्यांच्यासाठी प्रार्थना करायची आणि पुढच्या गावाला जायचं, असा बेत. त्यांचा ठरलेला दुभाषी ऐनवेळी कुठल्याशा बँकेत लागला. स्टेशनवर उरला हा, उमेंद्र रहांगडाले, कामठा लाईनचा काळीपिवळीवाला. त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने त्याला विचारलं, यू स्पीक इंग्लिश? आणि हा ‘येस’ म्हणाला.

“पण येस काऊन म्हटलं?”

“दुसरा शब्दच येत नव्हता.”

मग त्याने माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं. दोन डझन हूक, दहा बॉबिन, बुक्रम, खडू. आणि माझ्या गळ्यात टेप. तो असतोच. आई म्हणते, लग्नातही काढणार नाहीस.

“टेलर का तुम्ही?”

“हाव. मी आणि माझी आई. मशीन एकच आहे. आई बसते, मी उभी राहते.”

तो हसला... आणि ते हसणं उजव्या गालावर सुरू होऊन डाव्यापर्यंत पोचायला एक किलोमीटर लागला. मी उतरताना किलोमीटरचा दगड पाहिला, म्हणून सांगते.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या सभागृहात मी नाव द्यायला गेले. नियम साधा होता. जिने जन्मात कधी मशीनला हात लावला नाही, अशा बारा बायका. दहा दिवस पूर्ण करणाऱ्या प्रत्येकीला शेवटी एक नवं मशीन. मी बारावी.

बाकीच्या अकरा जणींनी माझ्याच हातचे ब्लाऊज घातले होते.

कुणी चकार शब्द काढला नाही. संक्रांत तोंडावर होती, आणि अकराही जणींचं कापड माझ्या घरी पडलेलं होतं.

म्हाताऱ्या बाईचं नाव डोरोथी. पहिल्याच तासात गावाने तिची दुरपताबाई केली आणि तिनेही मान हलवून ते मान्य केलं. ती माझ्यासमोर आली आणि तिने इंग्रजीत काहीतरी विचारलं. उमेंद्र पुढे झाला.

“कधी काही शिवलं का?” त्याने मला विचारलं. चेहरा अगदी तहसीलदाराचा.

“नाही जी. कधीच नाही.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. मग तो दुरपताबाईंकडे वळला. “नो. नेव्हर. पुअर गर्ल.”

त्यानंतर दुरपताबाई तीन मिनिटं बोलल्या. त्यांच्या आईबद्दल, तिच्या सुईबद्दल, देवाने प्रत्येकाच्या हातात काहीतरी दिलेलं असतं त्याबद्दल. फार सुंदर बोलल्या. उमेंद्रने मन लावून ऐकलं आणि आमच्याकडे वळून भाषांतर केलं.

“बसा.”

“बाकीचं?” मी हळूच विचारलं.

“बाकीचं उद्या.”

तह झाला. तो माझं सांगणार नव्हता, मी त्याचं सांगणार नव्हते. रोज संध्याकाळी बायका घरी गेल्या की मी तलावाच्या बांधावर, पाळीवर, त्याला दुसऱ्या दिवशीची दहा वाक्यं शिकवायची. दोरा ओवा, कापड दुमडा, पायडल हळू मारा. तो ती तळहातावर बॉलपेनने लिहून घ्यायचा. पाळीवर वारा असायचा, खाली पाण्यात कमळकंदवाले कमरेइतक्या चिखलात उभे, आणि हा माझ्याशेजारी बसून म्हणायचा, “फोल्ड द क्लॉथ, भाऊ.”

“भाऊ कायले?”

“तू मले भाऊ म्हणतेस, मी बी म्हटलं. बंद करायचं का?”

मी चौथ्या दिवशी बंद केलं. मुद्दाम नाही. एक वाक्य त्या शब्दाशिवाय बोलून पाहिलं, गाडी चालली, मग तशीच चालू दिली.

सकाळी वर्ग प्रार्थनेने सुरू व्हायचा. पहिल्या दिवशी कुणीतरी म्हणालं होतं, पाहा बरं, धर्म बदलून टाकतील. आमच्या गल्लीतली पार्वताबाई म्हणाली, “आमच्या बापानं छप्पन सालीच बदलला. सारखं सारखं कोण करते?” दुरपताबाई डोळे मिटून त्यांच्या देवाशी बोलायच्या, पार्वताबाई त्याच वेळात मनातल्या मनात त्रिशरण म्हणून घ्यायची, आणि दोघींचं बरोबर एकाच वेळी संपायचं.

तिसऱ्या दिवशी गोधडीचा धडा होता. त्या त्याला क्विल्ट म्हणत होत्या. जुन्या कपड्यांचे तुकडे जोडायचे, खाली अस्तर, वरून धावदोरा. पार्वताबाईच्या घरात तिच्या हातच्या चौदा गोधड्या आहेत. तिने दुरपताबाईंचं सगळं शेवटपर्यंत ऐकलं आणि मला विचारलं, “म्हणजे दोन विमानं बदलून ही बाई आपल्याले गोधडी शिकवाले आली?”

“हाव.”

“एवढ्या दुरून आली... शिकून घ्या वं पोरींनो. वाईट वाटेल तिले.”

आणि सत्तरीची पार्वताबाई सुई उलटी धरून बसली.

चूक माझ्याकडून झाली. दुरपताबाईंनी मला लांबलचक पट्टी कापायला दिली आणि मी विचार न करता तेच केलं जे कुठलाही टेलर करतो. काठाला कात्रीचा एक टोचा दिला, दोन्ही हातांनी धरलं आणि टर्रकन एका दमात फाडलं. सरळ, सुतात, रेघ मारल्यासारखं. जिने कधी शिवलं नाही ती असं करत नाही. ती जीव मुठीत धरून नागमोडी कापते.

सगळी मशीनं थांबली. दुरपताबाईंनी पट्टी उचलून उजेडात धरली. मग माझ्याकडे पाहिलं.

उमेंद्र धावत आला. “मॅडम. ओल्ड क्लॉथ. क्लॉथ... गो बाय इटसेल्फ.”

दुरपताबाई बराच वेळ त्या स्वतःहून गेलेल्या कापडाकडे पाहत राहिल्या. मग पुढच्या मशीनकडे गेल्या. त्या दिवशी मी आयुष्यातली सर्वांत वाकडी शिलाई मारली. फार कष्ट पडले. हात ऐकत नव्हता.

आणि मग मला कळलं की मी मशीनसाठी वाकडं शिवत नाहीये. सातव्या दिवसापर्यंत वर्गात सगळ्यांच्या दोन-दोन पिशव्या झाल्या होत्या. माझी एकच चालू होती. संक्रांतीच्या आधी दिवसाला चार ब्लाऊज काढणारी मी, एक पिशवी चार दिवस शिवत होते, कारण ती संपली की तो माझ्या मशीनपाशी येऊन वाकणार नव्हता.

“वॉच युअर फिंगर्स,” दुरपताबाई जाता जाता म्हणाल्या.

“त्या म्हणतात,” उमेंद्र वाकून म्हणाला, “काल तू लवकर गेली. पाळीवर कोणीतरी अर्धा तास एकटा बसून होता.”

“तीन शब्दांत एवढं?”

“इंग्रजी लई दाट भाषा आहे.”

त्याच्या शर्टचा खिसा एका कोपऱ्यात उसवला होता. पहिल्या दिवसापासून. तुम्ही टेलर नसाल तर तुम्हाला कळणार नाही, पण उसवलेला खिसा समोर घेऊन फिरणारा माणूस सात दिवस पाहणं ही काय गोष्ट आहे! मी रात्री डोळे मिटले की तो खिसा दिसायचा. आधी खिसा दिसायचा... मग बाकीचा माणूस.

आठव्या दिवशी पाळीवर मी ओढणीच्या टोकाची सुई काढली. “हलू नको.”

“शर्ट काढून देऊ?”

“इथे? कमळकंदवाले बुडतील. तसाच राहा. आणि ही धर.” मी तणसाची एक काडी त्याच्या ओठांत दिली. अंगावरचं कापड शिवताना घालणाऱ्याने तोंडात काडी धरायची, नाहीतर शिवणारी त्याची अक्कल शिवून टाकते, असं आमच्याकडे म्हणतात. “शिवून होईपर्यंत बोलायचं नाही.”

त्याने भुवया उचलल्या. पण गप्प बसला.

दहा टाक्यांचं काम. मी तीस घातले. त्याच्या शर्टाला डिझेलचा आणि धानाच्या कोंड्याचा वास होता. खिशाखाली काहीतरी जोरात चाललं होतं, मशीनच्या वेगाने, आणि प्रत्येक ठोक्याला माझी सुई किंचित हलत होती. तो बोलू शकत नव्हता. म्हणून मी बोलले.

“दोन दिवस राहिले,” मी म्हटलं. टाका. “मग तू तुझ्या लाईनला, मी माझ्या मशीनला.” टाका. “तुझं आडनाव रहांगडाले, माझं गजभिये. ही दोन नावं मी फक्त रक्तदान शिबिराच्या पत्रिकेवर एकत्र पाहिलेली आहेत, लग्नाच्या नाही.” टाका. “म्हणून मी काही मनात आणलेलं नाही. तुले सांगून ठेवलं.”

त्याच्या ओठातली काडी थरथरली. मी गाठ मारली. कात्री नव्हती. वाकून दाताने दोरा तोडला... त्याच्या खिशापाशी, इतक्या जवळ की श्वास कुणाचा हे सांगणं कठीण होतं.

मी मागे झाले. त्याने काडी काढली नाही. शिवून झालं होतं, तरी तो तसाच बसला होता, आणि पाण्यावर सारसांची एक जोडी उगाच मोठ्याने ओरडली.

“काढ आता,” मी म्हटलं.

त्याने मान हलवली. नाही. काडी तोंडात धरूनच तो उठला, गाडीपर्यंत गेला, आणि तशीच घेऊन कामठ्याला निघून गेला.

दहाव्या दिवशी मशीनं वाटली. टाळ्या झाल्या, फोटो झाले. माझं नाव पुकारलंच नाही. सगळं उरकल्यावर दुरपताबाईंनी मला आणि उमेंद्रला मागच्या मोहाच्या झाडाखाली बोलावलं आणि इंग्रजीत बोलू लागल्या. हळूहळू. आणि त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहून.

त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझं, आणि त्याचंही. म्हणाल्या, कात्री धरण्यावरून शिवणारी कळते, आणि तीन मिनिटांचं भाषण एका शब्दात झाल्यावर दुभाषी कळतो. म्हणाल्या, मशीन तुझंच आहे, पण शिकणारीचं नाही, शिकवणारीचं. दर शनिवारी या सभागृहात तू वर्ग घ्यायचा. गावातल्या आणखी वीस बायका खिडकीतून डोकावून गेल्या आहेत.

मी हो म्हटलं. मग त्या उमेंद्रबद्दल बोलू लागल्या.

आता त्या टाटानगरला जाणार होत्या, तिथून ओडिशात. आठ महिने. त्यांना हाच मुलगा बरोबर हवा होता. इंग्रजी येत नाही, ते येईल. पण गेल्या वीस वर्षांत कुठल्याच गावात बायका अशा हसल्या नव्हत्या. गाडी, मुक्काम, माणसं, सगळं तो सांभाळेल, पगार चांगला आहे. त्याला विचार, त्या म्हणाल्या.

“का म्हणते?” उमेंद्रने विचारलं.

माझ्या तोंडात दोन वाक्यं तयार होती. एक खरं, लांब. दुसरं छोटं. ‘त्या धन्यवाद म्हणतात.’ एवढं म्हटलं असतं की झालं. तो हसला असता, हात जोडले असते, आणि उद्यापासून कामठा लाईनला. दवनीवाड्यापासून अर्ध्या तासावर. मी ते छोटं वाक्य जिभेवर ठेवून पाहिलं. चव चांगली होती.

“दीप्ती?”

“त्या म्हणतात...” मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. आठ महिने, पगार, बायका हसल्या, सगळं. एक शब्द गाळला नाही. इतकं प्रामाणिक भाषांतर त्या सभागृहाने दहा दिवसांत ऐकलं नव्हतं.

तो खाली पडलेल्या मोहाच्या पानांकडे पाहत राहिला. “तुले का वाटते?”

“मी दुभाषी आहे. दुभाष्याले मत नसते.”

“मी दहा दिवस होतो. मले तर लई मतं होती.” तो थांबला. मग म्हणाला, “बरं. सांग त्यांना. मी येतो. काळीपिवळीत माणसं कोंबून माझं आयुष्य जाऊन राहिलं, असं काही कोणी पहिल्यांदा दिलं. पण एक अडचण आहे.”

मी इंग्रजीत सांगितलं.

“दवनीवाड्यात एक पोट्टी आहे.”

मी त्याच्याकडे पाहिलं.

“सांग ना. भाषांतर कर.”

“देअर इज... अ गर्ल,” मी म्हटलं. आवाज कुणा दुसरीचा होता.

“तिनं मले सांगून ठेवलं, मनात काही आणलेलं नाही. म्हणावं, मी आणलेलं आहे. दोन दिवसांपासून तोंडात काडी धरून फिरून राहिलो, बोललो तर भलतंच निघेल म्हणून.”

“हे मले कायले सांगतोस?”

“तुले नाई सांगून राहिलो. तुझ्या मार्फत सांगून राहिलो.”

मी सांगितलं. सत्तर वर्षांच्या परदेशी बाईला, इंग्रजीत, माझ्याबद्दल, ‘ती मुलगी’ असं म्हणून. मध्ये एकदा क्रियापदाचा काळ चुकला, एकदा आवाज. दुरपताबाईंनी चष्मा पुसला.

“आठ महिन्यांनी मी तिच्या घरी जाईन,” तो म्हणाला. “माझ्या घरचे ओरडतील, तिच्या घरचे ओरडतील. पण ती ‘नको’ म्हटली, तर नाही जाणार. ते तिनं मी निघायच्या आधी सांगावं.”

दुरपताबाईंनी माझा हात धरला आणि विचारलं, मग ती मुलगी काय म्हणते?

माझी एक खोड आहे. खरं बोलायची वेळ आली की तोंडून भलतंच काहीतरी निघतं. मी म्हटलं, “मुलगी म्हणते, तिला संक्रांतीचे अकरा ब्लाऊज आहेत.” आणि घरी पळाले.

दुसऱ्या दिवशी गोंदिया स्टेशनवर बाराही जणी गेलो. गाडी आली, सामान चढलं. पार्वताबाईने दुरपताबाईंना मिठी मारली आणि दोघी आपापल्या भाषेत रडल्या. आपली पंधरावी गोधडी तिने खिडकीतून आत कोंबली. सगळ्यांचे सगळे निरोप झाले. हात हलले. डोळे पुसले.

गाडी निघेना.

आम्ही पुन्हा हात हलवले. गाडी निघेना. तिसऱ्यांदा रडायला कुणाकडेच काही उरलं नव्हतं. बायका फलाटावर खाली बसल्या, डबे उघडले, आणि चिवडा खिडकीतून आत जाऊ लागला. सिग्नल नाही म्हणे. दुरपताबाई गोधडी पांघरून झोपल्या.

खिडकीच्या गजांपलीकडे उमेंद्र. अलीकडे मी. त्याने काल काही विचारलंय, आणि आजचा दिवस संपायच्या आत हा माणूस या फलाटावर नसणार.

“अकरापैकी किती झाले?” त्याने विचारलं.

“एकही नाही.”

“काऊन?”

माझ्याकडे तीन उत्तरं होती. तिन्ही हसण्यासारखी. मी ती एकेक करून गिळली.

“ऑगस्टमध्ये येशील,” मी म्हटलं, “तर आधी आईले फोन करजो. न सांगता आलेले पाहुणे तिले आवडत नाहीत.”

त्याने गज घट्ट धरला. “फोनवर का सांगू?”

“नाव सांग. आडनावासकट. लपवू नको. ती आधी ओरडेल. मग गप्प बसेल. लई वेळ गप्प बसेल, तू फोन ठेवू नको. मग विचारेल, जेवाले थांबशील का?”

“आणि नाई विचारलं तर?”

“तर मी विचारीन.”

त्याचं हसू उजव्या गालावर सुरू झालं... आणि तेवढ्यात डब्याला धक्का बसला. मी गज धरून चार पावलं बरोबर चालले, मग सहा, मग फलाटाचा उतार लागला. गाडी टाटानगरच्या दिशेने लहान होत गेली आणि माझी बोटं गजाच्या थंडीने अजून आखडलेलीच होती.

मागे सगळ्याजणी बोलत होत्या की आजची गाडी फारच थांबली बापा, पंचवीस मिनिटं म्हणजे काय.

मला वाटलं, लवकर सुटली.